येरा: एका अक्षरात मावलेला सुकाळ

स्वीडनच्या दक्षिणेला समुद्राकाठी ब्लेकिंग्ये नावाचा प्रांत आहे. तिथल्या सोल्वेसबोर्य गावच्या चर्चमध्ये एक शिळा ठेवलेली आहे. १८२३ साली स्टेंटोफ्टेन इथं ती सापडली, तेव्हा कोरलेली बाजू मातीत आणि पाठ आभाळाकडे अशी पालथी पडली होती. शिळा साधारण सातव्या शतकातली. तिच्यावरच्या लेखातलं एक वाक्य असं आहे: नऊ बोकड आणि नऊ घोडे यांच्यासह हाथुवुल्फानं दिलं... काय दिलं? तिथं शब्द नाही. एकच अक्षर आहे आणि त्या अक्षरावर वाक्य पुरं होतं.

त्या अक्षराचं नाव येरा.

उत्तर युरोपातल्या जर्मानिक लोकांची ही लिपी रून या नावानं ओळखली जाते. तिच्या सर्वांत जुन्या मालिकेत २४ अक्षरं होती. प्रत्येक अक्षराला उच्चार होता, तसंच नावही होतं आणि ते नाव एखाद्या खऱ्याखुऱ्या गोष्टीचं असे: गुरंढोरं, गारा, बर्फ, सूर्य. येरा हे बारावं अक्षर. उच्चार ‘य’, अर्थ वर्ष. आणि वर्ष म्हणजे पिकलेलं, घर भरून देणारं वर्ष. समोरासमोर धरलेले, पण एकमेकांना न शिवणारे दोन विळे, असा त्याचा आकार. रूनमधली बहुतेक अक्षरं एका उभ्या दांड्यावर उभी असतात. येराला तो दांडाही नाही.

म्हणजे शिळेवरचं वाक्य वाचायचं ते असं: हाथुवुल्फानं, बहुधा तिथल्या सत्ताधीशानं, सुकाळ दिला. अक्षराचा उच्चार करायचाच नाही, त्याच्या नावातली गोष्ट घ्यायची.

आता जरा जवळून पाहू. शिळा कोरली गेली त्या काळात भाषा बदलत होती. शब्दाच्या सुरुवातीचा ‘य’ गळून पडला होता, त्यामुळे या अक्षराचं नाव ‘आर’सारखं झालं, ते ‘अ’च्या उच्चारासाठी वापरात आलं आणि त्याचा आकारही पालटला. शिळेवर बाकीच्या मजकुरात कोरणाऱ्यानं हाच नवा आकार वापरला आहे. सुकाळ लिहायची वेळ आली, तेव्हा मात्र त्यानं जुना, वापरातून जात असलेला येरा कोरला. एकाच दगडावर एकाच अक्षराची दोन रूपं आहेत, एक उच्चारासाठी आणि एक सामर्थ्यासाठी. पुढे शापही कोरलेला आहे: हे स्मारक जो मोडेल, त्याचा घात होईल.

बोकड आणि घोडे हे वाचन लिलेमोर सांटेसन या अभ्यासिकेनं १९८९ साली मांडलं. त्याआधी तिथं नव्या रहिवाशांचा आणि नव्या पाहुण्यांचा उल्लेख आहे असं समजलं जाई. तीच अक्षरं तिनं वेगळ्या ठिकाणी तोडली आणि दगडावर यज्ञ उभा राहिला. नऊ हा आकडाही या प्रदेशाच्या परंपरेत बसणारा आहे. अकराव्या शतकात ब्रेमेनच्या आदाम या धर्मगुरूनं स्वीडनमधल्या उप्सालाच्या महाबळीचं वर्णन केलं आहे. त्यातही प्रत्येक जातीचे नऊ नर दिले जात, असं तो लिहितो.

हाथुवुल्फाचं नाव जवळच्याच गुम्मार्पच्या शिळेवरही होतं. ती कोपनहेगनला नेली गेली आणि १७२८च्या आगीत नाहीशी झाली. सुदैवानं तिच्यावरच्या लेखाची नक्कल उरली. त्यात त्यानं तीन अक्षरं ठेवली असं म्हटलंय आणि पुढे एकच अक्षर तीनदा कोरलेलं आहे. ते अक्षर गुराढोरांचं, म्हणजे धनाचं.

एवढा खटाटोप कशासाठी? सन ५३६ आणि त्यानंतरच्या काही वर्षांत मोठे ज्वालामुखी फुटले, धुरळ्यानं ऊन अडलं आणि उत्तरेतले उन्हाळे गारठले. झाडांच्या खोडांतल्या वर्तुळांत तो गारठा आजही वाचता येतो. स्वीडनमधल्या कितीतरी वस्त्या त्या शतकात ओस पडल्या. अशा भूमीवर सुकाळ म्हणजे जगणं.

आणि तो आणून देणं ही राजाची जबाबदारी होती. तेराव्या शतकातला आइसलँडचा इतिहासकार स्नोरी स्टुर्लुसोन स्वीडनच्या डोमाल्डी राजाची कथा सांगतो. दुष्काळ पडला तेव्हा पहिल्या शरद ऋतूत लोकांनी बैल बळी दिले, दुसऱ्या वर्षी माणसं. तरी पीक येईना, म्हणून तिसऱ्या वर्षी त्यांनी राजालाच बळी दिलं. यज्ञाच्या मेजवानीत न्योर्ड आणि फ्रेयर या देवांच्या नावानं पेला उचलत तो सुकाळ आणि शांतता यांसाठी, हेही स्नोरीनंच नोंदवलं आहे.

आज जगभर रूनची चकत्यांवर कोरलेली अक्षरं पिशवीतून काढून भविष्य पाहतात. १९८२ साली आलेल्या राल्फ ब्लम यांच्या ‘द बुक ऑफ रून्स’ या पुस्तकानं ही पद्धत लोकप्रिय केली. येरा निघाला की सांगतात, केलेल्या कष्टाचं फळ मिळेल, पण आपल्या वेळेनं. ही मांडणी अलीकडची आहे. तरी मूळ मालिकेतली येराची जागा पाहिली की तिच्यातला धीर पटतो. त्याच्या आधी ओळीनं येतात गारा, मग नड, मग बर्फ आणि त्यानंतर येरा.

मला सर्वांत मोलाची वाटते ती मात्र दुसरीच गोष्ट. भविष्य पाहणारा आज येराकडे स्वतःपुरतं फळ मागतो. स्टेंटोफ्टेनचा येरा कुणा एकाचा नव्हता. पाऊस आणि ऊन एकाच्याच बांधावर पडत नाही. वर्ष पिकतं ते साऱ्या गावाचं आणि बुडतं तेही साऱ्या गावाचं. इंग्लंडमधल्या जुन्या रून-कवितेतही या अक्षराच्या कडव्यात गरीब आणि श्रीमंत दोघांचं नाव आहे. म्हणून हाथुवुल्फानं आपल्याजवळचं जनावर आधी दिलं आणि मगच ते अक्षर दगडावर कोरलं गेलं. येराची जादू हीच होती: ज्याच्या हातात सत्ता आहे त्यानं सर्वांसाठी आधी द्यायचं आणि सर्वांबरोबर वाट पाहायची.