पत्त्यांच्या मेजावरील कापड

मिसिसिपी नदीच्या आगबोटींवरून एकोणिसाव्या शतकात अमेरिकाभर पसरलेल्या पोकर या पत्त्यांच्या खेळाला त्या देशात जुगारगृहांइतकीच घरगुती बैठकींचीही परंपरा आहे. आणि २००३ साली टेनेसीमधील ख्रिस मनीमेकर या हिशेबनिसाने लास व्हेगास येथील जागतिक स्पर्धा जिंकल्यापासून तर आपल्या तळघरात वा मोटारखान्यात पोकरचे मेज स्वहस्ते उभारण्याचा छंद तेथील गृहस्थांनी फार मनापासून जोपासला आहे. अशा मेजाचे सुतारकाम बेताचे कौशल्य असलेल्या माणसालाही जमते. परंतु त्यावर कोणते कापड ताणावयाचे हा प्रश्न उपस्थित झाला की अनेक जण दुकानातील सर्वांत जाड, मऊ आणि गर्द हिरवे कापड पसंत करतात व आपल्याच मेहनतीवर पाणी फिरवतात. असे का व्हावे, याचा खुलासा घर्षणाच्या शास्त्रात मिळतो, आणि तो मला फार सुंदर वाटतो.

लाकडी सरंजामाची बाब आधी उरकून घेतो. प्लायवूडचा तक्ता सर्वसाधारणपणे ८ फूट लांब व ४ फूट रुंद मिळतो. मधोमध ४ फुटांचा चौरस सोडून दोन्ही टोकांना खिळा, दोरी व पेन्सिल यांच्या साहाय्याने २ फूट त्रिज्येची अर्धवर्तुळे आखली की लांबट मेज त्या एकाच तक्त्यात बसते. त्याची कड साडेवीस फुटांहून किंचित अधिक भरते, म्हणजे दहा माणसांना प्रत्येकी दोन फुटांची जागा मिळते. ४ फुटी गोल मेजाची कड मात्र साडेबारा फुटांचीच असल्याने तेथे सहांचीच सोय होते. सलग फळ्यांचे मेज पावसाळ्यात फुगते, कारण लाकूड ओलाव्याने रेषांच्या आडव्या दिशेला वाढते व लांबीच्या दिशेला जवळजवळ वाढत नाही. प्लायमध्ये लगतच्या थरांच्या रेषा परस्परांशी काटकोनात असल्यामुळे एक थर दुसऱ्याला आवरून धरतो. १८ मिलिमीटर जाडीचे प्लाय पुरेसे होते.

आता कापड. पोकरचा पत्ता ६३.५ मिलिमीटर रुंद व सुमारे ८९ मिलिमीटर लांब असतो आणि त्याचे वजन दोन ग्रॅमसुद्धा भरत नाही. लांब बाजूच्या मध्यभागी बसलेल्या वाटणाऱ्याला तो चार फुटांवरच्या खेळाडूपर्यंत सरकवावा लागतो, आणि तोही असा की त्याचे तोंड कोणाला दिसू नये. घर्षणाचा गुणांक ०.३ असेल तर पत्ता हातातून सुटताना त्याला सेकंदाला सुमारे २.७ मीटर वेग द्यावा लागतो, गुणांक ०.५ झाला तर हाच वेग ३.५ मीटरवर जातो. हा फरक कागदावर क्षुल्लक दिसला, तरी अधिक जोराने फेकलेल्या पत्त्याखाली वारा शिरतो, त्याची कड उचलली जाते आणि तो उलथून उघडा पडतो. त्याच मेजावर चिप्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, प्रत्येकी दहाएक ग्रॅम वजनाच्या चकत्यांचे मनोरे उभे असतात, आणि कोणाचे कोपर लागताच ते घसरून जाता कामा नयेत. पत्ता सुखाने सरकावा आणि चकती जागच्या जागी राहावी, अशी दुहेरी अपेक्षा एकाच कापडाने पुरी करावयाची असते.

१६९९ साली फ्रान्समधील ग्योम आमोंतों याने फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे घर्षणाचा जो नियम मांडला, त्यानुसार घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते. म्हणजे गुणांक भारावर अवलंबून राहत नाही. धातू, दगड, लाकूड यांच्या बाबतीत हा नियम बव्हंशी खरा ठरतो, आणि त्याचे कारण विसाव्या शतकात केंब्रिज येथे बाउडन व टेबर यांनी उलगडून दाखवले. वरकरणी सपाट दिसणारे दोन पृष्ठभाग वस्तुतः सूक्ष्म उंचवट्यांच्या टोकांवरच परस्परांना टेकलेले असतात. भार वाढला की ती टोके चेपतात आणि खरा स्पर्श त्याच प्रमाणात विस्तारतो. कापडावर मात्र या नियमाचा अंमल ढिला पडतो. तंतू लवचीक असल्यामुळे ते कायमचे न चेपता केवळ वाकतात व दबतात, आणि त्यांचा स्पर्श भाराच्या मानाने सावकाश वाढतो. याची दुसरी बाजू अशी की, भार हलका होत जाईल तसतसा घर्षणाचा गुणांक वाढत जातो. घर्षण हे भाराच्या ०.८ घाताच्या प्रमाणात आहे असे उदाहरणादाखल धरले, तर भार शंभरपट कमी होताच गुणांक सुमारे अडीचपट होतो. वीस चकत्यांच्या मनोऱ्याला जे कापड मुळीच अडवीत नाही, ते एकट्या पत्त्याला अक्षरशः धरून ठेवते. गौरी-गणपतीच्या जागरणात सतरंजीवर पत्ते वाटणाऱ्यांनी हे अनुभवलेले असते. म्हणूनच आपल्याकडे पत्ता सरकवण्यापेक्षा उचलून समोर टाकण्याचा शिरस्ता सोयीचा पडतो.

जाड मऊ कापडाचा दोष येथे स्पष्ट होतो. बाजारात जे स्वस्त, फुललेले हिरवे कापड मिळते ते बहुधा नमदा असते, म्हणजे न विणता तंतू परस्परांत गुंतवून दाबलेले. लोकरीचा केस केराटिन या प्रथिनाचा असून त्याच्यावर सूक्ष्म खवले असतात आणि त्या सर्वांची तोंडे केसाच्या टोकाकडे वळलेली असतात. म्हणून मुळाकडून टोकाकडे बोट फिरवले तर ते सहज जाते, उलट फिरवले तर अडखळते. गरम पाणी आणि मर्दन मिळाले की प्रत्येक केस एकाच दिशेने सरकत जातो, परत फिरू शकत नाही, आणि सर्व केस मिळून न सुटणारी गुंतवळ तयार होते. आल्ताई पर्वतातील पाझिरिक येथील गोठलेल्या थडग्यांत सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचे नमदे सापडले आहेत, इतकी ही विद्या जुनी आणि टिकाऊ आहे. परंतु जी गुंतवळ तंबूला ऊब देते, तीच पत्त्याला वैरीण होते. नमद्यावर भिंग धरून पाहावे: पृष्ठभागावर वाकड्यातिकड्या केसांची दाट लव उभी दिसते, आणि पत्ता त्या असंख्य टोकांवर तरंगत, प्रत्येकाला वाकवीत पुढे जात असतो. काही महिन्यांच्या घासणीने या लवेचे गोळे बनतात, ते निराळेच.

बिलियर्डच्या मेजाचा दाखला यासाठी महत्त्वाचा आहे. बेल्जियममधील व्हेरव्हिए येथे १६८० पासून चालत आलेले सिमोनिस घराणे ज्या वेगवान कापडासाठी विख्यात आहे, ते विंचरलेल्या लांब लोकरतंतूंचे, घट्ट विणीचे आणि बिनलवेचे असते. लवेची बनात देखणी खरी. परंतु पत्त्यांसाठी ही घट्ट वीणच योग्य. तरीही माझे मत लोकरीकडे झुकत नाही, निदान मुंबई-गोव्याच्या दमट हवेत तरी नाही. मध्यम आर्द्रतेच्या हवेत लोकर आपल्या वजनाच्या सुमारे १६ टक्के पाणी शोषून घेते, तर १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी ज्यापासून तंतू काढला ते पॉलिएस्टर अर्धा टक्काही घेत नाही. लोकर पावसाळ्यात सैलावते आणि हिवाळ्यात पुन्हा आखडते. पॉलिएस्टरचा ताण बारमाही कायम राहतो आणि सांडलेला चहा टिपून घेण्यास अवधी मिळतो. कोरड्या प्रदेशात पॉलिएस्टरवर स्थिर विद्युत साचून पत्ते चिकटतात ही तक्रार खरी आहे, पण कोकणपट्टीच्या हवेतील ओलावा तो प्रभार टिकू देत नाही.

मग कापडाची यातायात तरी कशाला, गुळगुळीत सनमायकावरच का खेळू नये, असे कोणी विचारील. तेथे पत्त्याखाली हवेचा पातळ थर अडकतो, पत्ता त्यावर तरंगू लागतो आणि मेजाबाहेर निघून जातो; विणीच्या छिद्रांतून ती हवा निसटते म्हणून कापडावर पत्ता वेळेवर टेकतो. शिवाय कठीण पृष्ठभागावर पडलेला पत्ता नखानेसुद्धा उचलत नाही. कापडाखाली ५-६ मिलिमीटरचा, बंद पेशींचा फोम असेल तर पत्त्याची एक कड अंगठ्याने दाबताच ती खाली रुतते, समोरची कड वर येते, आणि खेळाडूला आपला पत्ता इतरांच्या नजरेस न पडता कोपऱ्यातून पाहता येतो. खुल्या पेशींचा गादीचा फोम कालांतराने कोपराखाली चेपून तसाच राहतो. तो कडेच्या रेक्झिनखाली चालेल, खेळाच्या जागी नाही.

कापड विकत घेण्यापूर्वी एक परीक्षा घरीच करावी. प्लायच्या उरलेल्या तुकड्यावर फोम आणि कापडाचा नमुना ताणून बसवावा, त्यावर पत्ता ठेवावा आणि तुकड्याचे एक टोक हळूहळू उचलावे. ज्या कोनाला पत्ता सरकू लागेल त्याची स्पर्शज्या म्हणजे स्थिर घर्षणाचा गुणांक. १७ अंशांना तो सुमारे ०.३ येतो. सरकत्या पत्त्याचा गुणांक सामान्यतः याहून थोडा कमी असतो, पण दोन कापडांची तुलना करण्यास एवढे पुरे. मग त्याच पत्त्यावर मेणाच्या कणाने एखादे नाणे चिकटवून तीच कृती पुन्हा करावी. आमोंतोंच्या नियमाने दोन्ही कोन सारखे यावयास हवेत. लवेच्या कापडावर नाणे ठेवलेला पत्ता आधीच घसरताना आढळेल. ज्या नमुन्यावर या दोन कोनांतील तफावत सर्वांत कमी आणि, पत्त्याऐवजी चकती ठेवून हीच परीक्षा केल्यास, तिचा कोनही फारसा उतरलेला नसेल, तो नमुना मुकरर करावा, आणि स्टेपल मारताना कापड प्रथम चारही बाजूंच्या मध्यावर ताणून मग समोरासमोरच्या जोड्यांनी टोकांकडे जावे.