तलवार म्यान केल्यावर

आमच्या हिंगोलीस पूर्वीं हैदराबाद कंटिन्जंट फौजेची छावणी होती. १९०३ सालीं ती स्वतंत्र फौज मोडली आणि १९०५ सालीं तिचा इतिहास तिच्यांतीलच एक अधिकारी मेजर बर्टन यानें प्रसिद्ध केला. शिपाईगड्यानें हातीं लेखणी धरावी ही प्रथा आपल्याकडे त्याहूनहि जुनी आहे. तिचा थोर नमुना म्हणजे मराठ्यांचा इतिहासकार कॅप्टन जेम्स ग्रँट डफ.

१७८९ सालीं स्कॉटलंडांत जन्मलेला हा गृहस्थ कोवळ्या वयांतच मुंबईच्या फौजेंत शिरला. १८१७ सालीं पेशव्यांशीं युद्ध जुंपलें तेव्हां तो एल्फिन्स्टनच्या हाताखालीं होता. पुढच्याच वर्षीं साताऱ्याचा कारभार त्याजकडे आला आणि छत्रपतींचे व पेशव्यांचे कागद त्यास पाहावयास मिळाले. दिवसा कारभार, उरल्या वेळीं दप्तर. या श्रमांनीं प्रकृति ढासळली व १८२२ सालीं त्यास सातारा सोडावा लागला. मायदेशीं परतून त्यानें ग्रंथ पुरा केला. १८२६ सालीं त्याचे तीन खंड निघाले. मोगलांचा ऱ्हास व इंग्रजांचा उदय असें कांहीं नांव द्यावें, असें एका प्रकाशकानें सुचविलें होतें. डफनें तें मानिलें नाहीं.

लष्करी माणसाचे गुण या ग्रंथांत पानोपानीं दिसतात: तारखांची काटेकोर चौकशी, घाटवाटांची माहिती, मोहिमांचें नेटकें वर्णन. परंतु स्वाऱ्या दिसतात तशी रयत दिसत नाहीं. आणि जेत्याची दृष्टि कोठेंहि लपत नाहीं.

हा दोष बोलून दाखविण्याचें धैर्य प्रथम एका तरुणानें केलें. १८६७ सालीं पुण्यास नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं डफच्या ग्रंथावर निबंध वाचिला. पुढें तो विविधज्ञानविस्तारांत छापला गेला. ज्या कागदांच्या आधारें हें लिहिलें ते आज कोठें आहेत, हा त्यांचा रोकडा प्रश्न. त्या प्रश्नाच्या वाटेनेंच आपल्या लोकांचें संशोधन पुढें चाललें. १८९८ सालीं राजवाड्यांनीं साधनांचा पहिला खंड काढिला.

मीं आयुष्यभर मुलांस सनावळ्या घोकविल्या, "कशावरून?" असें विचारणाऱ्या मुलास मात्र खालीं बसविलें. आज त्याची खंत वाटते. डफचे उपकार मानावेत, आणि कीर्तन्यांचा प्रश्नहि विसरूं नये. आपल्या घरीं माळ्यावर एखादें जुनें मोडी दप्तर पडलें असेल, तर तें रद्दींत घालण्यापूर्वीं जाणत्यास अवश्य दाखवावें.