विजेच्या तारेवरून घरांतील निरोप

भिंतींत पुरलेली विजेची तार दिवा लाविते, पंखा फिरविते. एवढेंच काम आपण तिला आजवर दिलें. तीच तार घरांतल्या घरांत निरोपही पोंचवूं शकते, ही गोष्ट पुष्कळांनीं ऐकलेली असते. परंतु ती निरोप कसा पोंचविते, केव्हां पोंचवीत नाहीं, आणि हल्लीं घराघरांतून जीं स्वयंचलित उपकरणें येऊं लागलीं आहेत त्यांच्या संसारांत तिला कोणतें स्थान द्यावें, हें उलगडून क्वचितच कोणी सांगतें. आजच्या भाषणांत तेवढाच विचार करावयाचा आहे.

श्रोतेहो, प्रथम हा संसार कसला तें पाहूं. टाकींत पाणी किती उरलें, दाराशीं कोण उभें आहे, पंप चालूच राहिला कीं काय, या बातम्या निरनिराळीं लहान उपकरणें गोळा करतात आणि घरांतील एका छोट्या संगणकाकडे पाठवितात. तो संगणक त्यांवरून दिवा लावण्याची, मोटर थांबविण्याची किंवा घंटा वाजविण्याची आज्ञा देतो. २०१३ सालीं सुरू झालेली ‘होम असिस्टंट’ ही या कामाची एक विनामूल्य व खुली प्रणाली होय. या कारभारांत बुद्धि एका ठिकाणीं असते. डोळे, कान आणि हात घरभर पसरलेले असतात. तेव्हां मधला निरोप्या विश्वासू असला पाहिजे. बहुतेक घरांत हा निरोप्या म्हणजे वायफाय. ब्लॉकच्या पातळ भिंतींतून तो सहज जातो. दगडी भिंतीपुढें मात्र थबकतो.

माझ्या परिचयाचें एक कुटुंब वाईस जुन्या वाड्यांत राहतें. घरांतील आजींचें वय ऐंशींच्या पुढें. त्यांची खोली तळमजल्यावर, मागच्या अंगास. मुलगा व सून माडीवर निजतात. रात्रीं उठतांना आजींनीं हाक मारावी तर आवाज वरपर्यंत जात नाहीं. म्हणून नातवानें त्यांच्या उशापाशीं एक कळ बसविली. ती दाबली कीं माडीवर दिवा लागावा व घंटा वाजावी, अशी योजना. परंतु राउटर आणि संगणक माडीवर, कळ खालीं, आणि मधें दीड हात जाडीची दगडमातीची भिंत. आठ वेळां कळ दाबावी तेव्हां पांच वेळां घंटा वाजे. असल्या घंटेपेक्षां घंटा नसलेली बरी. कारण ती आहे या भरंवशावर माणसें निश्चिंत झोंपतात.

भिंत फोडून नवी तार ओढणें कोणासच नको होतें. तेव्हां पॉवरलाइन ॲडॅप्टरची जोडी आणली गेली. हे दोन लहान डबे असतात. एक राउटरजवळच्या प्लगमध्यें खोंचावयाचा आणि आंखूड इथरनेट केबलनें राउटरला जोडावयाचा. दुसरा लांबच्या खोलींतील प्लगमध्यें खोंचावयाचा आणि तेथील उपकरण त्याला जोडावयाचें. मधलें अंतर निरोप विजेच्या तारेवरून कापतो. येथें आजींच्या खोलींत कळेचा निरोप घेणारी एक छोटी पेटी या दुसऱ्या डब्याला जोडली.

हें कसें घडतें? कीर्तनांत मृदंगाचा घुमारा आणि टाळांचा किणकिणाट एकाच हवेंतून येतात, तरी कान दोन्ही वेगळे ओळखतो. आपल्या तारेंतील २३० व्होल्टची वीज सेकंदास ५० वेळां हेलकावते, हा मृदंग. ॲडॅप्टर तिच्यावर सेकंदास सुमारें २० लाखांपासून ३ कोटींपर्यंत कंपनांचे अगदीं क्षीण तरंग चढवितो, हे टाळ. पलीकडचा ॲडॅप्टर मृदंग गाळून टाकतो आणि टाळ तेवढे ऐकतो. शिवाय निरोप एकाच सुरांत पाठविला जात नाहीं. ‘होमप्लग एव्ही’ या पद्धतींत तो नऊशेंहून अधिक बारीक सुरांत वांटून दिलेला असतो. दोन्ही डबे सतत परस्परांची परीक्षा घेत असतात. जो सूर गोंगाटांत बुडतो त्याचें ओझें कमी करतात किंवा तो अजिबात सोडून देतात. ज्या तारेंतून बोलणें जावें असा कोणी विचारच केला नव्हता तिच्यांतून बोलणें जातें, तें या युक्तीमुळें.

रेडिओ ऐकणाऱ्यांस एक जुनी हकीकत गमतीची वाटेल. अमेरिकन सैन्यांतील अधिकारी जॉर्ज ओवेन स्क्वायर यांनीं १९१० च्या सुमारास तारेच्या आधारानें धांवणाऱ्या रेडिओतरंगांचे प्रयोग केले. त्यांच्या शोधांवर १९२२ सालीं एक कंपनी निघाली. विजेच्या तारांवरून घरोघर संगीत पोंचवावें हा तिचा हेतु होता. या उद्योगास १९३४ सालीं ‘म्यूझॅक’ हें नांव मिळालें. म्हणजे कल्पना नवी नव्हे. घरांतील दिव्यांना आज्ञा देण्यासाठीं ती प्रथम लोकप्रिय झाली ‘एक्स-टेन’ या पद्धतीनें. ती १९७५ सालीं स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनें सिद्ध केली. तिच्यांत विजेचा हेलकावा शून्यावर येण्याच्या क्षणीं एक लहानसा ठोका दिला जाई. १६ गृहसंकेत आणि प्रत्येकांत १६ उपकरणें, मिळून २५६ पत्ते. एका आज्ञेस जवळजवळ एक सेकंद लागे. हा सावकाशपणा खपून गेला असता. खरें वैगुण्य निराळें होतें. मूळ पद्धतींत आज्ञा सुटे, पण ती पोंचली कीं नाहीं याचें उत्तर परत येत नसे. आज डबे फार वेगवान झाले आहेत. २००१ च्या पहिल्या होमप्लग मानकाचा वेग सेकंदास १४ मेगाबिट होता. २००५ च्या ‘एव्ही’चा २०० झाला. तरीही जें घरांत गुंतवावयाचें त्यानें पोंच दिली पाहिजे, हा एक्स-टेनचा धडा जुना झालेला नाहीं.

वेगाच्या आंकड्यांनीं मात्र कोणी भुलूं नये. डब्यावर ६०० छापलेलें असतें आणि त्याच डब्याच्या इथरनेटच्या खांचेची मर्यादा १०० असते, असा माल सर्रास विकला जातो. प्रत्यक्ष वेग घरच्या वायरिंगवर अवलंबून, आणि छापील आंकड्याच्या एका अंशाइतकाच. कळेच्या निरोपाला तर वेग लागतच नाहीं. तो पोस्टकार्डाहून लहान असतो. त्याला हवा आहे नेम.

हा नेम कोण मोडतें? वाईच्या वाड्यांत पहिले चार दिवस सारें ठीक चाललें. पुढें रात्रीं दहानंतर घंटा पुन्हां दगा देऊं लागली. नातवानें येथें एक शहाणपण केलें. ॲडॅप्टर हा स्वतः मुका असतो; संगणकाला तो नुसत्या तारेसारखा वाटतो, दिसत नाहीं. म्हणून त्यानें संगणकाकडून आजींच्या खोलींतील पेटीस दर मिनिटाला एक हाक मारवून घेतली आणि उत्तर येण्यास किती वेळ लागला याची नोंद ठेवविली. (जर्मनींतील डेवोलो कंपनीच्या ॲडॅप्टरांची माहिती होम असिस्टंटला थेट वाचतां येते, परंतु ही साधी हाक कोणत्याही डब्याला चालते.) आठवड्याच्या आलेखांत गोष्ट स्पष्ट झाली: दहाला बिघाड, सहाला सुधारणा. दहा वाजतां घरांत काय बदलतें? सूनबाई मोबाइल चार्जिंगला लावीत, तो माडीवरच्या ॲडॅप्टरला लागून असलेल्या खांचेंत.

स्वस्त चार्जर, एलईडी दिव्यांचे हलके ड्रायव्हर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर हे या तारेवरचे मोठे गोंगाट करणारे. त्यांचा खडखडाट नेमका टाळांच्याच पट्टींत पडतो. ॲडॅप्टर नेहमीं सरळ भिंतींतील खांचेंत लावावा. स्पाइक-गार्ड असलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर तो लावूं नये; कारण त्या बोर्डांतील गाळणी या क्षीण तरंगांनाच उपद्रव समजून गिळते. उलट चार्जर मात्र अशा बोर्डावर न्यावा, म्हणजे त्याचा गोंगाट तेथेंच कोंडला जातो. वाड्यांत एवढाच फेरफार केला आणि आलेख सपाट झाला.

बंगल्यांत तीन फेज असतील तर दोन्ही ॲडॅप्टर एकाच फेजवर येतील असें पाहावें. वायरमनला विचारल्यास तो पांच मिनिटांत सांगतो. नव्या ‘एव्ही-टू’ जातीचे कांहीं डबे अर्थिंगची तिसरी तारही वापरतात. जुन्या घरांत अर्थिंग पुष्कळदां नांवापुरतें असतें, तेव्हां तो लाभ मिळत नाहीं. अर्थिंग नसणें ही तशीही धोक्याचीच गोष्ट. ॲडॅप्टरच्या निमित्तानें तें दुरुस्त झालें तर उत्तमच.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वीज जाण्याचा. आपल्याकडे इन्व्हर्टरची लाइन बहुधा निराळी असते. एक ॲडॅप्टर तिच्यावर आणि दुसरा साध्या लाइनवर असला, तर वीज जातांच साध्या लाइनवरचा डबा मरतो आणि दुवा तुटतो. आणि म्हाताऱ्या माणसाला अंधारांतच मदत अधिक लागते. म्हणून राउटर, संगणक, दोन्ही ॲडॅप्टर आणि कळेची पेटी हीं सर्व इन्व्हर्टरवरच हवींत. तेवढ्यानेंही मीं निश्चिंत राहणार नाहीं. स्वस्त इन्व्हर्टरची वीज खडबडीत लाटेची असते आणि तिचा गोंगाट निराळाच. मेन स्विच बंद करून त्या स्थितींत कळ दहा वेळां दाबून पाहावी. कळेशेजारीं एक हिरवा दिवा ठेवावा, आणि माडीवर घंटा वाजल्याचें उत्तर संगणकाकडून आलें तरच तो लागावा. तीन हाका लागोपाठ फुकट गेल्या तर माडीवर इशारा व्हावा. हा इशारा तुटलेल्या दुव्यावर विसंबणारा नसावा, हें उघड आहे. आणि उशाशीं एक पितळी घंटा असावीच. आजी ती जोरानें वाजवितात. भिंत दीड हात जाड असली तरी जिन्यानें आवाज जातो. धूर किंवा गॅस यांची सूचना देणारें यंत्र तर स्वतःच ओरडणारें घ्यावें. त्यानें तारेवरून कोणाची परवानगी मागत बसूं नये.

चाळींत किंवा ब्लॉकांत राहणाऱ्यांनीं आणखी एक ध्यानांत ठेवावें. तार आपल्या दाराशीं संपत नाहीं. मीटरपाशीं हे तरंग दुबळे होतात, पण शेजारच्या घरांत पोंचूं शकतात. निरोप गुप्तलिपींत असतात खरे. परंतु कारखान्यांतून येतांना एका पद्धतीच्या सर्व डब्यांची किल्ली सारखीच असते. शेजाऱ्यानेंही तसेच डबे आणून नुसते खोंचले तर दोन घरांचीं जाळीं एक होऊं शकतात, आणि मग आपल्या दारावरचा कॅमेरा कोण पाहील याचा नेम नाहीं. उपाय सोपा आहे. एका डब्यावरील जोडणीचें बटण दाबावें आणि दोन मिनिटांच्या आंत दुसऱ्याचें दाबावें, म्हणजे त्या जोडीची स्वतंत्र किल्ली तयार होते. दुसऱ्या शेजाऱ्याचाही विचार करावा: लघुलहरी ऐकण्याचा किंवा हौशी रेडिओकेंद्र चालविण्याचा कोणास छंद असेल, तर आपले टाळ त्याच्या संचांत खरखर करूं शकतात. हौशी केंद्रांच्या पट्ट्या या डब्यांत मुद्दाम वगळलेल्या असतात. लघुलहरींवरील इतर कार्यक्रमांना मात्र तसें संरक्षण नाहीं.

खर्चाचें म्हणाल तर दोन डबे मिळून साधारण सहा वॅट वीज खातात असें धरलें, तरी वर्षाचीं ५२-५३ युनिटें होतात. जोडलेलें उपकरण बंद असतां स्वतः झोंपी जाणारे डबे मिळतात, ते पाहुण्यांच्या खोलीसाठीं घ्यावे. आजींच्या खोलींत जागा राहणाराच हवा.