सोम्यूरच्या तळघरात

फ्रान्समधल्या लुआर नदीकाठच्या सोम्यूर गावात किल्ला, चर्च, घरांच्या चौकटी सगळं पांढरंशुभ्र. दगडाचं नाव त्युफो. सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाची ही चुनखडी करवतीने कापता येते आणि हवा लागली की टणक होते. शतकानुशतकं हा दगड होड्यांत भरून नदीवाटे लांबलांब गेला. मागे टेकड्यांत मैलोन्मैल बोगदे उरले आणि वाइनवाल्यांना आयती तळघरं मिळाली. शॅम्पेन प्रांतातली फेसाळ वाइनची रीत इथे रुजवणाऱ्या ज्याँ-बाप्तिस्त आकरमान यांची पेढी 1811 सालची.

बाहेर ऊन तापलेलं असताना अशा एका तळघरात शिरले. आत बारमाही 12 अंशांच्या आसपास तापमान. भिंतीला हात लावला तर ओलसर, आणि बोटांवर पांढरी पूड. इथे वाइन दुसऱ्यांदा आंबते, तीही बाटलीतच. तयार वाइनमध्ये थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. यीस्ट साखर खातं, वायू सोडतं. वायूला वाट नसल्यामुळे तो वाइनमध्येच मुरतो. आतला दाब हवेच्या दाबाच्या सहापट होतो, म्हणून काचही जाड लागते. मेलेलं यीस्ट साका होऊन तळाशी बसतं. त्या साक्यावर वाइन किमान 9 महिने ठेवतात.

मग तो साका बुचापाशी आणायचा. भोकं पाडलेल्या लाकडी घोडीत बाटल्या माना खाली करून खोचलेल्या होत्या, प्रत्येकीच्या बुडावर पांढऱ्या रंगाची खूण. तिथले एक वयस्कर कामगार दोन्ही हातांनी दोन बाटल्या एकदम धरत, हलकासा झटका देत, अष्टमांश फिरवत आणि किंचित जास्त उभ्या करत. खट्-खट्, पुढची जोडी. नजर बाटल्यांवर नव्हतीच, सगळं मनगटांना पाठ. हाताने याला कित्येक आठवडे लागतात. आज बहुतेक बाटल्या यंत्राच्या पिंजऱ्यात आठवडाभरात फिरून निघतात, आणि वाइनच्या चवीत त्याने काही उणं येत नाही. तरी ही मनगटं गेली की हे कसब शिकवणार कोण, याची मला खरोखर काळजी वाटते.

त्यांनी एक बाटली दिव्यासमोर धरली. "बघा, वर एक कण नाही." मग तोंड खाली ठेवूनच चावीने टोपण सैल केलं, आणि आतला बुडबुडा मानेकडे सरकत असतानाच बाटली झटकन वर उचलली. फट्! साका उडाला, अंगठा तोंडावर बसला, वाइन जेमतेम घोटभर सांडली. पळभर उशीर झाला तर निम्मी बाटली जाते, घाई केली तर साका परत आत पसरतो. कारखान्यात मान गोठवून साक्याचा बर्फाळ खडाच बाहेर काढतात.

कमी झालेली वाइन भरताना हवी तर साखर घालतात. 'ब्रूट' म्हणवायला लिटरला 12 ग्रॅमच्या आत. त्यांनी मला साखर घातलेली आणि न घातलेली, दोन्ही चाखायला दिल्या. मला बिनसाखरेची जास्त आवडली. शेनिन ब्लाँ द्राक्षाची आंबट धार तिच्यात उघडी कळत होती. आपल्या नाशिककडे लावतात त्याच शेनिनचं माहेर हा लुआरकाठ. पण एवढी धारदार शेनिन मी नाशिकला कधी प्यायले नव्हते.