खर्च कुणाच्या खाती?

आमच्या शाखेत एक गृहस्थ बायकोच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी तिच्याच पाटल्या तारण ठेवायला आले होते. अर्जात ‘कारण’ या रकान्यात त्यांनी लिहिले, ‘घरगुती अडचण’. हे दोन शब्द मी नोकरीत किती वेळा वाचले असतील! खोदून विचारले की डायलिसिस निघे, अँजिओप्लास्टी निघे. पुष्कळदा त्यामागे मधुमेह आणि मधुमेहामागे वाढलेले वजन. पण वजनाचे खाते आमच्या लेजरात नव्हते.

विमावाल्यांकडे मात्र होते. आयुर्विम्याच्या अर्जात उंची-वजन विचारतात ते उगाच नव्हे. वजन फारच भरले तर हप्ता वाढतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे १५ ते ४९ वयोगटातल्या जादा वजनाच्या व स्थूल स्त्रिया २००५-०६ साली १२.६ टक्के होत्या, २०१९-२१ मध्ये २४ टक्के झाल्या. पुरुषांचेही तेच. आणि हे माप आपल्याला सवलत देणारे आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसाने निर्धास्त राहू नये ते यासाठी.

अर्थशास्त्रज्ञ या खर्चाचे दोन भाग करतात. दवाखाना, औषधे हा थेट खर्च. बुडालेले दिवस, मंदावलेले काम, अकाली मृत्यू हा अप्रत्यक्ष. पहिल्याची निदान पावती मिळते. दुसऱ्यात पगारदाराची रजा मस्टरवर तरी दिसते. पोळीभाजीचे डबे देणाऱ्या बाईचा गुडघा सुजला, की आठ दिवस डबे बंद. नवव्या दिवशी गिऱ्हाईक दुसरीकडे गेलेले असते. ही बुडीत कुठल्याच हिशेबात येत नाही, आणि मग आपण म्हणतो, जाडेपणा हा ज्याचा त्याचा प्रश्न.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. केरळने २०१६ साली ब्रँडेड उपाहारगृहांतल्या बर्गर-पिझ्झावर १४.५ टक्के कर लावला. केंद्राने २०१७ साली जीएसटी आणताना साखरेच्या फसफसत्या पेयांवर २८ टक्के कर आणि वर १२ टक्के उपकर बसवला. बँकेच्या सवयीने मी जमेची बाजू पाहिली. तो उपकर राज्यांची महसुली तूट भरून काढण्यासाठी होता. डबेवाल्या बाईच्या गुडघ्यासाठी नव्हता.