लांब उच्छ्वासाची करामत

चुकलेली लोकल असो, साहेबांचा फोन असो की मुलांची परीक्षा, ताण आला की शरीराचं उत्तर ठरलेलं असतं. रक्तात अ‍ॅड्रेनालिन वाढतं, छाती धडधडते, श्वास उथळ होतो. धडधड हुकमानं थांबत नाही. श्वास मात्र आपल्या हातात असतो. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते. मेंदूतून निघून छाती-पोटापर्यंत जाणारी व्हेगस ही चेता उच्छ्वासाच्या वेळी हृदयाला लगाम घालते. म्हणून उच्छ्वास लांबवला की जीव शांतावतो.

२००१ साली इटलीतल्या संशोधकांनी २३ जणांना जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम’ हा मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वासाची गती मिनिटाला ६ च्या आसपास आली. एरवी ती १२ ते २० असते. म्हणजे शब्द कुठलेही चालतील, लय संथ हवी.

कुणाला नामजप मानवेल, कुणाला भजन, कुणाला नुसतं गुणगुणणं. आपल्याला रुचेल ते निवडा आणि रोज पाच मिनिटं करून पाहा. मात्र झोप उडाली असेल किंवा उदासी हटतच नसेल, तर डॉक्टरांकडे जायला संकोच करू नका.