नाळेवरचं मोठं शीड

ब्राह्मणपुरीहून शहाद्याकडे कापूस भरून निघालेल्या ट्रॉलीवरची ताडपत्री एका कोपऱ्यातून सुटली, की काय होतं ते आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. दोन माणसं दोराला लोंबकळली तरी ती आवरत नाही. आता तिच्याहून मोठं कापड, हेलकावणाऱ्या नौकेच्या टोकावर, एकट्या माणसाने आवरायचं आहे अशी कल्पना करा.

नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट 2009 मध्ये मुंबईहून ‘म्हादेई’ हाकारली आणि मे 2010 मध्ये ते पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने ही फेरी करणारे ते पहिले भारतीय. 56 फुटी ‘म्हादेई’ बांधली गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात.

अशा नौकेला साधारणपणे दोन शिडं. एक डोलकाठीच्या मागे, ते मुख्य. दुसरं पुढचं, नाळेपासून काठीच्या शेंड्याकडे ताणलेल्या तारेवर चढवलेलं. कोकणातल्या मचव्याचं शीड परबाणाला बांधलेलं असायचं. इथे परबाण नाही, तारेचाच आधार.

वारा शिडाला मागून ढकलतो ही समजूत अर्धीच खरी आहे. वारा पुढून तिरपा येत असतानाही नौका पुढे जाते. तेव्हा शीड पंखासारखं काम करतं, त्याच्या फुगीर बाजूला दाब कमी होतो आणि नौका तिकडे ओढली जाते. पुढच्या शिडाच्या वाटेत डोलकाठी येत नाही, त्याला स्वच्छ वारा मिळतो. म्हणून हे शीड मोठं केलं की मंद वाऱ्यातही वेग येतो.

मोठं म्हणजे किती? तारेच्या पायथ्यापासून डोलकाठीपर्यंतचं अंतर शंभर टक्के धरतात. शिडाच्या मागच्या खालच्या कोपऱ्यापासून पुढच्या कडेवर लंब टाकायचा आणि तो या अंतराच्या किती पट भरतो ते पाहायचं. दीडपट असेल तर शीड 150 टक्क्यांचं. म्हणजे ते डोलकाठी ओलांडून मुख्य शिडाच्याही बाजूला जातं. लहानाला जिब म्हणतात, अशा मोठ्याला जेनोआ. स्वीडनचे स्वेन सालेन यांनी 1926 च्या सुमारास इटलीत जेनोआच्या शर्यतीत ते गाजवलं, त्यावरून हे नाव पडलं.

मात्र वाऱ्याचा हिशेब सरळ नसतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. दहा नॉटला, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटरला, जे शीड सुखाने ओढतं तेच वीस नॉटला नौकेला कुशीवर झोपवतं. नौका जास्त कलली की सुकाणूचं पातं पाण्यावर येऊ लागतं आणि ती ऐकेनाशी होते. शिवाय दिशा बदलताना एवढं कापड डोलकाठीसमोरून पलीकडे न्यायचं, त्यात मनगटं भरून येतात. शर्यतीत माणसं असतात. एकट्याला हे परवडत नाही.

पूर्वी अशा वेळी नाळेपर्यंत सरपटत जाऊन शीड उतरवावं लागे. आता बहुतेक नौकांवर ते तारेभोवती, पडद्यासारखं, मागे बसूनच दोर ओढून गुंडाळता येतं. सोय मोठी, पण फुकटची नाही. अर्धवट गुंडाळलेल्या शिडाची घडी बिघडते, मध्ये पोट सुटतं आणि ते पुढे ओढण्यापेक्षा आडवंच जास्त ढकलतं. त्यामुळे जोराच्या वाऱ्यासाठी वेगळं लहान शीड लागतंच. सहा महिला अधिकाऱ्यांनी 2017-18 मध्ये ज्या ‘तारिणी’तून प्रदक्षिणा केली, तिच्यावरही पुढच्या शिडांबरोबर खास वादळी शीड होतं.

शीड कमी कधी करायचं याचं एक जुनं उत्तर दर्यावर्दी देतात : करावं का, असं मनात पहिल्यांदा आलं त्याच क्षणी. म्हणून एकटे जाणारे बरेच जण अंधार पडण्याआधीच, वारा ठीक असला तरी, जेनोआचा काही भाग गुंडाळून ठेवतात. रात्री थोडा वेग जातो, पण डोळा लागतो.